वेढा पडला तेव्हा गुलाम सोडले, वेढा उठला तेव्हा परत धरले!

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. गेले काही महिने रात्री झोपण्याआधी बायबलचा एकेक अध्याय वाचतोय. (आईला सांगितलेलं नाही, उगाच काळजी करत बसेल.) वंशावळ्या उड्या मारत ओलांडल्या, पण यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात ३४व्या अध्यायाशी अडकलोय.

प्रसंग असा. इ.स.पू. ५८८ च्या आसपासचा काळ. बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमला वेढा घातलाय. यहूदा राज्याच्या तटबंदीच्या शहरांपैकी लाखीश आणि अजेका एवढी दोनच उरलीत. राजा सिद्कीया लोकांशी करार करतो, की प्रत्येकाने आपापले इब्री (म्हणजे आपल्याच लोकांतले) दास-दासी मोकळे करायचे. तोही मंदिरात, देवासमोर. एक वासरू मधोमध चिरतात, दोन भाग समोरासमोर ठेवतात आणि सरदार, याजक, सामान्य लोक त्यामधून चालत जातात. शब्द मोडला तर माझंही या वासरासारखं होवो, असा त्याचा अर्थ. गुलाम सुटतात.

मग मिसरचं (इजिप्तचं) सैन्य निघाल्याची बातमी येते आणि खास्दी, म्हणजे बाबेलवाले, वेढा उठवतात (हे ३७व्या अध्यायात आहे). हुश्श झाल्यावर ही मंडळी काय करतात? सोडलेल्यांना परत धरून आणतात.

यावर देवाचं उत्तर भयंकर आहे. तुम्ही भावाला मोकळीक दिली नाहीत ना, आता मी तुम्हाला मोकळीक देतो: तलवारीच्या, मरीच्या आणि दुष्काळाच्या हाती.

प्रश्न दोन. एक, यहूदाने याआधी मूर्ती पुजल्या, पोटची पोरं आगीत घातली, संदेष्ट्यांना मारलं. एवढं सगळं होऊनही गुलामांची ही गोष्ट देवाला इतकी का लागली? दोन, जीव मुठीत धरून दिलेला शब्द हा शब्द म्हणायचा का?

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. रविवारी निवांत लिहीन.

खवचट_खंडू
नवस बोलायचा आणि काम झालं की पाच नारळांचा एक करायचा, ही पद्धत यरुशलेमलाही होती तर. वाचून बरं वाटलं.

मिशन_कंपाउंड
चहासाहेब, पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच अध्यायात १३व्या ओवीत आहे. तुमच्या पूर्वजांना मी मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं तेव्हा हा करार केला, असं देव तिथे सांगतो. आमच्या नगरच्या संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा पाठ करताना बाई एक गोष्ट घोकून घ्यायच्या: आज्ञा सुरू होण्याआधीचं वाक्य विसरायचं नाही. 'मी तुला दास्यगृहातून आणलं' हे आधी, मग बाकीचं. आणि आज्ञा झाल्यावर जे कायदे येतात (निर्गम २१), त्यात पहिलाच कायदा कुठला? इब्री दास सहा वर्षं राबेल, सातव्या वर्षी फुकट मोकळा होईल. अनुवादाच्या १५व्या अध्यायात तर त्याला रिकाम्या हाताने पाठवू नको, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं दे, असंही आहे.

म्हणजे गुलाम परत धरणं हे शंभर पापांतलं एक पाप नव्हे. ज्याला सोडवून आणलं त्यानेच दुसऱ्याच्या गळ्यात दावं बांधलं. कराराचा पायाच उखडला.

दुपारचा_चहा
'अनुवाद' हे पुस्तकाचं नाव आहे हे मला दोन आठवडे कळलं नव्हतं. मी आपला 'अनुवाद १५' म्हणजे पंधरावं भाषांतर समजत होतो.

खवचट_खंडू
😂😂 दंडवत घ्या.

निरीश्वर_नाना
थोडं थंड पाणी ओततो. एक, ही मोकळीक फक्त 'इब्री' दासांना होती. परदेशी दास पिढ्यानपिढ्या ठेवा, मुलांना वारसाहक्काने द्या, असं लेवीय २५ मध्ये स्पष्ट आहे. तेव्हा मानवमुक्तीचे ढोल नकोत. दोन, ही सगळी पुस्तकं शहर पडल्यानंतर हाताखालून गेलेली आहेत. हरल्यावर कारण शोधावं लागतं. आपला देव दुबळा ठरला म्हणायचं, की आपणच बेइमान होतो म्हणायचं? दुसरं परवडतं. 'करार मोडला म्हणून शहर पडलं' हे त्या हिशेबातून आलंय.

मातीखालचं
नाना, संपादन नंतरचं आहे याबद्दल फारसा वाद नाही. पण प्रसंगाचं नेपथ्य मात्र त्या काळातलंच आहे. १९३५ मध्ये लाखीशच्या वेशीजवळच्या एका खोलीत खापरं सापडली, त्यांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रं. त्यातल्या चौथ्या पत्रात एका ठाण्यावरचा माणूस वरिष्ठाला कळवतो की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. अजेका पडलं होतं की तिथून नुसता संकेत दिसत नव्हता यावर अभ्यासक भांडतात. पण यिर्मयात जी दोन नावं शेवटची उरली म्हणून येतात, तीच दोन नावं एका खापरावर येतात. मला तर वाचताना काटा येतो.

वासराचंही तसंच. सीरियात हलबजवळ सफीरे इथे इ.स.पू. आठव्या शतकातले अरामी करारलेख सापडलेत. अर्पादचा राजा मतीएल याच्याशी केलेला करार. त्यात जवळजवळ हेच आहे: हे वासरू जसं कापलं जातंय तसा मतीएल कापला जावो. हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. कारत ब्रित. हा बायबलचा खास शोध नाही, त्या मुलखातली राजकारणाची रोजची भाषा आहे.

वसईवाली
वासरावरून उत्पत्तीचा १५वा अध्याय आठवला. अब्राम कालवड, बकरी आणि मेंढा मधोमध कापून समोरासमोर मांडतो, पक्षी मात्र कापत नाही. गिधाडं येतात ती हाकलत बसतो. (हे मला फार आवडतं. एवढा मोठा प्रसंग, आणि म्हातारा गिधाडं हाकलतोय.) सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते आणि त्या तुकड्यांमधून धुराची भट्टी आणि जळती मशाल जाते. अब्राम जात नाही! म्हणजे 'मोडलं तर माझं असं होवो' हे देव स्वतःवर घेतो. यिर्मयात मात्र माणसं चालत गेली. फरक इथेच आहे.

कटकट_वकील
धागा माझ्या गल्लीत आलाय म्हणून बोलते. दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५ बळजबरीची व्याख्या देतं आणि बळजबरीने मिळवलेली संमती असेल तर ज्याची संमती घेतली त्याला करार रद्द करता येतो. पण बळजबरी केली कुणी? नबुखद्नेस्सराने काही 'गुलाम सोडा' म्हटलं नव्हतं. परिस्थितीने घाबरून केलेला करार हा बळजबरीचा करार नव्हे. नाहीतर पावसाळ्यात घेतलेली प्रत्येक छत्री परत करता येईल. आणि ज्याला फायदा मिळाला त्या गुलामाने तर काहीच दडपण आणलं नव्हतं. माझ्या मते सिद्कीया आणि मंडळींची बाजू टिकत नाही.

घाण्याचा_नातू
वकीलताई, हा युक्तिवाद आमच्या लोकांनी खुद्द सिनाय पर्वताबद्दल केलाय! तलमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात (शब्बाथ नावाच्या भागात) एक कथा आहे, सिनायपाशी देवाचं नियमशास्त्र, म्हणजे तोरा, मिळालं तेव्हाची. 'पर्वताच्या पायथ्याशी उभे राहिले' या वाक्यातल्या शब्दाचा अर्थ 'पर्वताखाली' असाही होतो. त्यावरून एक रब्बी म्हणतात, देवाने तो अख्खा डोंगर घंगाळासारखा त्यांच्या डोक्यावर धरला आणि म्हणाला, तोरा घेता का? घेतलात तर बरं, नाहीतर इथेच तुमची कबर. लगेच दुसरे रब्बी म्हणतात, मग ही तर तोराविरुद्ध मोठीच हरकत झाली! तुमचं कलम १५. त्यावर तिसरे उत्तर देतात की खरं, पण पुढे एस्तेर राणीच्या काळात त्यांनी तो पुन्हा स्वीकारला, तेव्हा कुणीही डोंगर धरला नव्हता.

म्हणजे पहिली 'हो' भीतीची असली तरी चालेल, पण भीती गेल्यावर दुसऱ्यांदा 'हो' म्हणावं लागतं. यरुशलेमवाल्यांना ती संधी मिळाली होती. वेढा उठला होता. तेव्हा त्यांनी 'नाही' म्हटलं.

कटकट_वकील
वा! 'तोराविरुद्ध हरकत' हे उद्या बार रूममध्ये सांगणार.

दुपारचा_चहा
नातू, 'आमच्या लोकांनी' म्हणजे?

घाण्याचा_नातू
बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी यहुदी. रायगडातले, अलिबागकडचे. पणजोबांचा तेलाचा घाणा होता, म्हणून हे नाव. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव आम्हाला 'शनवार तेली' म्हणायचं.

झोपाळू_मांजर
मी २०२० चा एप्रिल आठवतेय. आमच्या सोसायटीने तेव्हा ऑनलाइन सभा घेऊन ठराव केला, की घरकामाच्या सगळ्या मावशींना टाळेबंदी असेपर्यंत पूर्ण पगार, आणि वॉचमनना कायमची हजार रुपयांची वाढ. सगळे हळवे झाले होते. एका काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते म्हणाले आपल्याला माणसाची किंमत कळली. मी स्वतः मिनिट्स लिहिल्या. सप्टेंबरात त्याच काकांनी विचारलं, वाढ 'कायमची' असं नेमकं कुठे लिहिलंय? लिहिलेलं होतं. तरी ऑक्टोबरपासून ती बंद झाली. वॉचमन सही करताना रजिस्टरवर रकमेचा आकडा दोनदा बोटाने चाचपून बघत होता ते मी पाहिलं, आणि मीही काही बोलले नाही.

वासरू कापलं असतं तर बोलले असते का, माहीत नाही.

खवचट_खंडू
शाकाहारी सोसायटी असेल तर भोपळा.

मिशन_कंपाउंड
मांजरताई, नहेम्याचा ५वा अध्याय वाचा, तुमच्या सभेसारखाच आहे. शहर पडून सुमारे १४० वर्षं झालीत, परत आलेले यहूदी तट बांधतायत आणि तेच पुन्हा: दुष्काळ, राजाचा कर, शेतं गहाण, पोरं-पोरी दास्यात. नहेम्या सावकारांना सभेत झापतो. ते म्हणतात, परत देतो. तो तेवढ्यावर सोडत नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो आणि आपला ओचा झटकून दाखवतो, की जो शब्द पाळणार नाही त्याला देव असा झटकून टाको. त्याला यिर्मयाची गोष्ट माहीत असणार असं मला नेहमी वाटतं.

रुमालवाला
आलो. कुणीच पुढचं पान उलटलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. ३४ नंतर ३५ वाचा. काळाच्या क्रमाने ३५ची घटना आधीची आहे, यहोयाकीम राजाच्या दिवसांतली. म्हणजे ज्याने कुणी हे जुळवलं त्याने मुद्दाम शेजारी बसवलंय.

रेखाबी नावाचं एक कुळ. त्यांच्या योनादाब नावाच्या पूर्वजाने सांगून ठेवलं होतं: द्राक्षारस प्यायचा नाही, घर बांधायचं नाही, पेरणी करायची नाही, मळा लावायचा नाही, तंबूत राहायचं. हा योनादाब येहू राजाच्या रथात बसलेला आपल्याला २ राजे १० मध्ये दिसतो, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षं आधीचा. बाबेलच्या सैन्याच्या भीतीने हे लोक शहरात आलेत. देव यिर्मयाला सांगतो, त्यांना मंदिराच्या एका खोलीत ने आणि पाज. यिर्मया भरलेले घडे आणि प्याले मांडतो आणि म्हणतो, प्या.

विचार करा. मंदिरात, संदेष्ट्याच्या हातून. ते म्हणतात, नाही. आमच्या बापाने नको म्हटलंय.

आणि देव खूश! एका मेलेल्या माणसाचा शब्द हे अडीचशे वर्षं पाळतात आणि मी पहाटे उठून उठून सांगतोय तरी तुम्ही ऐकत नाही.

खवचट_खंडू
मंदिरात फुकट दारू आणि नाही म्हणाले? ही गोष्ट मात्र नंतर कुणीतरी रचलेली वाटते. नाना, तुमच्या पार्टीत आलो.

निरीश्वर_नाना
स्वागत आहे. पण गंमत सोडा, मला हे उदाहरण धोक्याचं वाटतं. आज्ञा चांगली की वाईट हे विचारायचंच नाही, नुसतं पाळण्याचं कौतुक? तंबूत राहण्यात कसला आलाय धर्म?

रुमालवाला
नाना, देव तंबूचं कौतुक करतच नाही. यहूदाला 'तुम्हीही तंबूत जा' असं कुठे म्हटलंय? शिवाय रेखाबीही त्या वेळी तंबूत नव्हतेच, शहरात होते. नियमाचा एक भाग त्यांना सोडावा लागलाय, आणि ते तसं सरळ सांगतात: सैन्य आलं म्हणून इथे आलो. जे जमणार नाही ते सोडलं, जे जमणार होतं ते घट्ट धरलं. ३४मधल्यांचं उलट. जमत होतं तेच सोडलं.

घाण्याचा_नातू
रुमालवाले, तुम्ही माझ्या आजीबद्दल लिहिलंत असं वाटलं.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले. त्यात इतिहास किती हे अभ्यासकांनी ठरवावं. पण कित्येक पिढ्या आमच्याकडे तोराची गुंडाळी नव्हती, हिब्रू येत नव्हतं. उरलं काय? शब्बाथ (शनिवारची विश्रांती), आठव्या दिवशी सुंता (तिचं नावच ब्रित, म्हणजे करार), खाण्याचे काही नियम, आणि शमा ही एक प्रार्थना. सणांची नावंसुद्धा मराठी झाली. योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या दिवसाला) दरफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं.

आणि ज्या दिवशी यरुशलेमचं मंदिर पडलं, ज्याच्या आधीची ही सगळी गोष्ट चालली आहे, त्या तिशा बआवचं आमच्याकडचं नाव माहितेय? बिरड्याचा सण. मांस नाही, वालाचं बिरडं. आजी आदल्या रात्री मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलत बसायची, आम्ही पोरं चिमटीत धरून टचकन साल उडवायचो, कुणाची लांब जाते बघायला. आजी रागवायची नाही, फक्त म्हणायची, आज हसू नका रे, आज आपलं घर पडलं. कुठलं घर, कुणी पाडलं, हे तिला नीट सांगता यायचं नाही. यिर्मया तिने वाचला नव्हता. दिवस मात्र चुकवला नाही.

वसईवाली
नातू, हे वाचून गप्प झाले.

पेणचा_पावटा
अवांतर: बिरड्याला कडवे वालच. पावटा घातला तर तो कराराचा भंग समजावा. (नाव माझं काहीही असो.)

सत्याचा_शोधक
सगळं छान आहे, पण मूळ मुद्दा निसटतोय. यिर्मयानेच ३१व्या अध्यायात सांगितलंय की देव नवा करार करील, जुना त्यांनी मोडला. इब्री लोकांस पत्रात ८व्या अध्यायात तोच उतारा घेऊन पहिला करार जुना झाला म्हटलंय. म्हणजे यहुद्यांचा करार संपला, विषय संपला.

घाण्याचा_नातू
साहेब, ३१ पुढेही वाचा. नवा करार कुणाशी? 'इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशी'. तिथे लिहायचं काय आहे? तेच नियमशास्त्र, फक्त दगडाऐवजी हृदयावर. आणि लगेच पुढे, सूर्य-चंद्राचे नियम टळले तरच इस्राएल राष्ट्र म्हणून उरणार नाही, असं आहे. आम्ही त्याला 'जुना करार' म्हणत नाही हो. तनाख म्हणतो. तुमच्या कपाटात तो जुना आहे, आमच्याकडे वापरात आहे.

मिशन_कंपाउंड
शोधकभाऊ, मी ख्रिस्ती आहे आणि शेवटच्या भोजनातला प्याला माझ्यासाठी नवा करारच आहे. पण प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात ११व्या अध्यायात जैतुनाच्या झाडाचं उदाहरण देऊन आपल्यासारख्या कलम केलेल्या फांद्यांनाच दम भरलाय, की मुळाला तू उचलून धरत नाहीस, मूळ तुला धरतं. देवाची कृपादानं आणि पाचारण परत घेतली जात नाहीत, हेही तिथेच.

वसईवाली
कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रात हाच रोमकरांचा अध्याय आधाराला घेतला होता. यहुदी देवाने टाकलेले आहेत असं मांडू नये, हे त्यात स्पष्ट आहे.

सत्याचा_शोधक
परिषदा काहीही म्हणोत

संपादक
'कुणाचा धर्म खरा' हा धागा गेल्या वर्षी तीनशे प्रतिसादांनंतर बंद केला होता. इथे सिद्कीयावर बोला.

कटकट_वकील
सिद्कीयावरच बोलते. काल रात्री शोधाशोध केली. हा माणूस सराईत निघाला! त्याला गादीवर बसवलं नबुखद्नेस्सरानेच, इ.स.पू. ५९७ मध्ये. मूळ नाव मत्तन्या, ते बदलून सिद्कीया ठेवलं. देवाच्या नावाने निष्ठेची शपथ घ्यायला लावली. याने ती मोडून मिसरकडे घोडे आणि सैन्य मागितलं. त्यावर यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, १७व्या अध्यायात, देव काय म्हणतो? त्याने *माझी* शपथ तुच्छ मानली, *माझा* करार मोडला. करार कुणाशी, तर शत्रूशी, परक्या देवाच्या भक्ताशी. तरी देव म्हणतो माझा!

म्हणजे नाव घेऊन दिलेला शब्द कुणालाही दिलेला असो, नाव ज्याचं तो पक्षकार होतो. जामीनदारासारखा. गुलामांच्या करारातही तेच. मंदिरात उभं राहून त्याचं नाव घेतलं होतं. चहासाहेब, मला वाटतं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे उरलेलं अर्धं उत्तर.

दुपारचा_चहा
सगळ्यांचे आभार. धागा काढताना वाटलं नव्हतं की बिरड्यापर्यंत जाऊ.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यात होती, ती आज लिहितो. आपण राजा, देव, संदेष्टा, वकील सगळ्यांबद्दल बोललो. त्या गुलामांचं काय? त्या थोड्या दिवसांत ते कुठे गेले असतील? वेढा, खायला नाही, शहराबाहेर जाता येत नाही. आणि मग एक दिवस दारात तोच मालक. ३४व्या अध्यायात त्यांच्यातलं कुणीही एक शब्द बोलत नाही. म्हणून पुढे वाचत राहिलो.

३९व्या अध्यायात शहर पडतं. रिब्ला इथे सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारतात, मग त्याचेच डोळे काढतात आणि पितळी बेड्या घालून बाबेलला नेतात. थोरामोठ्यांची कत्तल, बाकीचे कैद. त्यानंतर १०वी ओवी: ज्यांच्यापाशी काहीच नव्हतं अशा गरिबांना बाबेलच्या सेनापतीने देशातच ठेवलं आणि त्याच दिवशी त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली.

अनुवादात सांगितलं होतं ना, सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नको? ते शेवटी शत्रूच्या सेनापतीने केलं.

निरीश्वर_नाना
सेनापतीला करवसुलीसाठी शेतं पिकती हवी होती. पण ओवी चांगली शोधलीत.

रुमालवाला
चहा, आता थांबू नका, त्याच अध्यायाच्या शेवटी एबद-मलेख आहे. नावाचा अर्थ 'राजाचा दास'. कूश देशाचा, म्हणजे परदेशी. नाना, तुमच्या लेवीय २५ मधला. सिद्कीयाच्या मोकळीकीत तो बसतच नव्हता. यिर्मयाला सरदारांनी चिखलाच्या हौदात सोडलं होतं तेव्हा हाच राजाकडे गेला, माणसं घेऊन आला, आणि भांडाराखालच्या खोलीतून जुनी लुगडी-चिंध्या शोधून खाली सोडल्या. दोर काखेत रुतू नये म्हणून आधी या काखेखाली घे, असं वरून ओरडून सांगितलं. शहर पडताना ज्याला नाव घेऊन जीवदान मिळतं तो हा.

निरीश्वर_नाना
चिंध्यांचं मला माहीत नव्हतं. वाचतो आज.

झोपाळू_मांजर
रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. त्या जुन्या मिनिट्सची प्रत काढून ठेवली आहे.

खवचट_खंडू
भोपळा मी आणतो.